वनमालाची यादी

फोन आला तेव्हा मी तिच्याचसाठी छपाई करत बसले होते. कोरे फॉर्म होते ते... नाव, वडिलांचं नाव, गाव, वय, रक्त कधी तपासलं, कार्ड कोणतं. दोनशे फॉर्म हवेत म्हणून तिनं सांगून ठेवलं होतं, आणि आमच्या क्लासमधला प्रिंटर दर दहा-बारा पानांनी एखादा कागद चावून बसतो, म्हणून मी त्याच्याजवळच स्टूल टाकलं होतं. सकाळची बॅच नुकती सुटली होती. तिकडून सुधाकरदादा, वनमालाचा मोठा भाऊ, म्हणाला, "अर्चनाताई, वनी गेली." सावंगीच्या दवाखान्यात ती दोन दिवसांपासून भरती होती. ताप, छातीत दुखणं, श्वास पुरेना. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. मला कुणी कळवलं नव्हतं. "तिनंच नाई म्हटलं," दादा म्हणाला. "म्हणे तिची सकाळची बॅच राह्यते, खालीपिली धावत येईन." मी फोन ठेवला तरी प्रिंटर चालूच होता. तो बंद करावा हे मला सुचलंच नाही. एकामागून एक कोरे फॉर्म बाहेर येत राहिले आणि मी ते कडेला कड लावून नीट रचत राहिले... त्याला आता सात आठवडे झाले.

वनमाला टेकाम हे नाव या पुरवणीच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल. सेलू आणि आर्वीकडच्या जंगलाकाठच्या गावांतही तिला नावानं ओळखणारे कमीच होते. तिथं ती 'सिकलसेलवाली बाई' होती. मी तिला आठवीपासून ओळखत होते. वर्ध्याच्या मुलींच्या वसतिगृहात आमच्या खाटा शेजारीशेजारी होत्या. मी आर्वीकडच्या शेतकरी घरातली. ती बोर धरणाच्या अंगाला असलेल्या एका गोंड गावातली. घरी ती गोंडी बोलायची, आमच्याशी वऱ्हाडी आणि वर्गात पुस्तकातलं मराठी. थंडीच्या दिवसांत पहाटे गार पाण्यानं आंघोळ झाली की तिचे गुडघे आणि पाठ धरायची. ती खाटेवर पाय पोटाशी घेऊन पडायची, दात ओठांवर रोवून. त्या दिवशी पाणी भरायची पाळी तिची असली की रेक्टरबाई म्हणायच्या, बरोबर आजच दुखतं हिचं. आणि मी... मीसुद्धा एकदा तिला म्हटलं होतं, "पुरे कर वो नाटक." तिच्या वाटच्या दोन बादल्या मला भराव्या लागल्या होत्या, त्याचा राग. बारावीत असताना कॉलेजात रक्ततपासणीचं शिबिर झालं आणि तिला एक लाल कार्ड मिळालं. संध्याकाळी माझ्या खाटेवर येऊन बसली, कार्ड पुढं धरलं आणि म्हणाली, "पाह्य वो, नाटकाचं सर्टिफिकेट आलं."

सिकलसेल म्हणजे काय हे आमच्याकडं आता शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं, पण ज्यांना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असायच्या त्या विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकून बसतात. मग हाडं दुखतात, श्वास अडतो, रक्त कमी होतं. आईबापाकडून येणारा आजार. ज्याला आजार आहे त्याला लाल कार्ड, ज्याला त्रास नाही पण रक्तात अंश आहे त्याला पिवळं, ज्याला काहीच नाही त्याला पांढरं. दोन पिवळ्यांनी लग्न केलं तर लाल लेकरू जन्माला येऊ शकतं. वनमालाचं सगळं आयुष्य या एका वाक्याभोवती फिरलं. ती चोविसाची असताना तिला एक स्थळ आलं होतं. मुलगा मास्तर, तिच्याच समाजातला, तिला आवडलेला. तिनं आधी त्याचं रक्त तपासायला लावलं. पिवळं निघालं, आणि लाल-पिवळ्याला तर धोका आणखी मोठा. तो म्हणाला होता, पाहून घेऊ पुढचं पुढं. हिनं स्वतःच नाही म्हटलं. पुढं त्याचं दुसरीकडं लग्न झालं, मुलगी झाली, तिचं रक्त तपासायलाही वनमालाच गेली होती. "पांढरं निघालं वो तिचं," मला सांगताना तिचा चेहरा असा खुलला होता की मला उठून चहा टाकायला जावं लागलं.

वर्ध्यातल्या एका लहानशा संस्थेत ती कार्यकर्ती म्हणून लागली आणि तिथंच राहिली. एसटीनं जायचं, फाट्यावर उतरायचं, चालत गावात जायचं, शिबिरात तपासलेल्यांची नावं लिहून आणायची. गोळ्या कुणाच्या संपल्या, कुणाला रक्त चढवलं, कुणाच्या घरी लग्नाची बोलणी चालली आहेत, सगळं. कार्डं घरांतून हरवायची. पावसाळ्यात कौलं गळायची, पेट्या भिजायच्या, कुणी कार्ड दाराच्या फटीत पाचर म्हणून ठोकायचं. म्हणून तिची यादी महत्त्वाची होती. लग्न जमण्याआधी माणसं तिच्याकडं येत, "बाई, पाहून सांग." ती पाहून सांगायची. परत रक्त तपासता येतं, नाही असं नाही. पण त्यासाठी दिवस मोडून तालुक्याला जा, अहवालाची वाट पाहा, आणि लग्नाची बोलणी काही तेवढी थांबून राहत नाहीत. तिचं उत्तर लगेच मिळायचं आणि लोक ते मानायचे. तिच्या बोलण्यावर मोडलेली आणि जुळलेली लग्नं त्या भागात आहेत. शिव्याही तिनं पुष्कळ खाल्ल्या.

यादी आधी मोठ्या रजिस्टरांत होती, मग संगणकावर आली. संस्थेला कुणीतरी वापरून झालेला एक संगणक दान दिला होता. त्याला कार्ड छापायचं छोटं यंत्रही जोडलेलं होतं आणि ते फक्त त्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवरच चालायचं, म्हणून ती बदलायची सोय नव्हती. यादी वाढत गेली तसा तो अडखळायला लागला. एक नाव शोधायला सांगावं आणि हातपाय धुऊन यावं, तरी ते पाहतच बसलेलं. तेव्हा नागपूरच्या एका निवृत्त इंजिनिअरांनी, देशकर सरांनी, हौसेनं नवा प्रोग्राम करून दिला. कार्यकर्त्यांनी गावात बसून संस्थेच्या मोबाईलवर माहिती भरायची, ती कचेरीतल्या संगणकात जमा व्हायची. त्यासाठी मात्र त्या संगणकावर एक डेटाबेस सर्व्हर बसवायला हवा होता. सगळी माहिती जो सांभाळतो, कुणी विचारली की काढून देतो, तो हा सर्व्हर. देशकर सर येऊन संगणक पाहून गेले आणि स्पष्ट म्हणाले, "हे या मशीनवर बसणार नाही. बसवूही नका. नवीन मशीन घ्या." संस्था म्हणाली, दिवाळीपर्यंत होईल. पोळा नुकताच झाला होता.

वनमालाला घाई होती. दिवाळीनंतर लग्नांचे दिवस येतात, त्याआधी सगळी गावं नव्या प्रोग्रामात यावीत असं तिच्या मनात होतं. ती माझ्याकडं आली. मी वर्ध्याजवळ नालवाडीत संगणकाचा क्लास चालवते. टायपिंग, अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर, सरकारी परीक्षेचा कोर्स. बी. एस्सी. झालेली बाई मी, इंजिनिअर नाही, आणि हे मला आयुष्यभर कुठंतरी खुपत आलेलं. "तुले जमन का वो?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "मशीन तर पाहू दे." खरं सांगायचं तर नागपूरच्या सरांना जे जमत नाही ते मला जमतं का, हे मला पाहायचं होतं. वनमालासाठी म्हणून मी गेले हे खरं आहे. पण तेवढंच खरं नाही.

तीन दिवस मी त्या कचेरीत दुपारच्या बॅचेस बुडवून बसले. इन्स्टॉल सुरू केलं की सुरुवातीलाच एक चौकोन यायचा: ही ऑपरेटिंग सिस्टीम चालणार नाही. आणि सगळं बंद. इंटरनेटवर शोधत गेले. कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांनी असलेच उद्योग करून ठेवलेले असतात. एकानं लिहिलं होतं, इन्स्टॉल करणाऱ्या प्रोग्रामच्या एका फाईलमध्ये तपासणीची ओळ असते, तीच खोडून टाका. मी खोडली. पुढं गेलं आणि अर्ध्यात थांबलं. एक फाईल सापडत नाही म्हणे. ती क्लासच्या संगणकावरून पेन ड्राइव्हनं आणून टाकली. सर्व्हर सुरू झाला आणि लगेच झोपला. परत काढलं, परत टाकलं. तिसऱ्या दिवशी दुपारी एक मोठी सूचना पडद्यावर आली. इंग्रजीत होती. या सिस्टीमवर हे सॉफ्टवेअर तपासलेलं नाही, माहिती नष्ट होऊ शकते, तरीही पुढं जायचं का... हो किंवा नाही. वनमाला माझ्या खांद्यामागं उभी होती. तिनं विचारलं, "काय म्हणून राह्यलं वो ते?"

"काई नाई," मी म्हटलं. "असंच विचारते ते. सगळ्याइलेच विचारते."

आणि मी हो दाबलं.

सर्व्हर चालू झाला. चालूच राहिला. संगणकावरची जुनी यादी मी त्यात हलवली. वनमालानं एका गावाचं नाव टाकलं आणि क्षणात सगळी माणसं ओळीनं पडद्यावर उभी राहिली. तिनं टाळी वाजवली, लहान पोरीसारखी. "चाललं वो! अर्चे, चाललं!" त्या दिवशी आम्ही दोघी बसनं पवनारला गेलो, धाम नदीच्या काठी खडकावर बसून आलूबोंडे खाल्ले. इतक्या वर्षांत तिच्यासोबत केलेली ती एकमेव सहल असेल. तिनं देशकर सरांना फोन लावला आणि सांगितलं, आमच्या अर्चनानं करून दाखवलं. पलीकडून ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, ती म्हणाली, "सर म्हणते बॅकअप तेवढा ठेवा." मी म्हटलं, तो तर मी आधीच लावून ठेवला आहे. खोटं नव्हतं ते. दररोज दुपारी एक वाजता सगळ्या माहितीची एक प्रत आपोआप वेगळ्या ठिकाणी जाऊन पडावी अशी सोय मी केली होती. दर महिन्याला जाऊन ती जागा उघडून बघायचे. एकेका दिवसाची तारीख नावात असलेल्या फाइली ओळीनं लागलेल्या असायच्या. एकही दिवस चुकलेला नसायचा. मला त्या ओळीचा फार अभिमान वाटायचा.

दिवाळीत नवा संगणक खरंच आला. संस्थेच्या लोकांनी विचारलं, याच्यावर टाकायचं का आता? मीच म्हटलं, जुनं चांगलं चालून राह्यलंय, चालत्याला कशाला हात लावायचा. नव्यावर पत्रं टाइप होऊ लागली. पुढं कचेरीची जागा बदलायची ठरली, तेव्हा जुन्या रजिस्टरांचा प्रश्न निघाला. एक कपाट भरून होती ती, पानं वाळवीनं कुरतडलेली. वनमाला म्हणाली, "कागद राहू द्या ना, काय खाते ते तुमचं?" सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, सगळं कम्प्युटरमध्ये आहे, रोजचा बॅकअप आहे, कागदाची गरज नाही. तिनं एकवार माझ्याकडं पाहिलं आणि कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. माझ्या शब्दाला ती कधी आडवी गेली नाही. रजिस्टरं रद्दीच्या हातगाडीवर चढली.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका दुपारी वीज चार-पाच वेळा गेली आणि आली. त्यानंतर सर्व्हर उठला नाही. वनमालाचा फोन आला, "येऊन पाह्यतं का वो, ते उघडून नाई राह्यलं." तोपर्यंत मला काही वाटलं नव्हतं. मी गाडीवर टांग मारून गेले, वाटेत कलिंगडही घेतलं. तासभर खटपट केल्यावर कळलं की आतल्या फाइली मोडल्या आहेत. ठीक, म्हटलं, कालची प्रत घेऊ. बॅकअपची जागा उघडली. तारखा ओळीनं होत्या. कालची फाईल घेतली, उघडेना. परवाची घेतली. मग पहिल्यांदाच मी फाइलींच्या नावांपुढं त्यांचा आकार लिहिलेला असतो तिकडं पाहिलं. शून्य. खालच्या ओळीत शून्य. मी खाली खाली जात राहिले... पहिल्या दिवसापर्यंत. मी लावलेली सोय रोज एक वाजता फाईल तयार करायची, तिला तारखेचं नाव द्यायची, आणि मग तिच्यात माहिती भरणारा प्रोग्राम त्या जुन्या सिस्टीमवर सुरूच व्हायचा नाही. कुणाला न सांगता मिटून जायचा. इतके महिने रोज मी रिकामी पाकिटं जमा करत होते आणि त्यांवरच्या तारखा मोजून खूश होत होते.

"किती हाये त्याच्यात?" वनमालानं विचारलं.

"काईच नाई."

"एकाई दिवशीचं?"

"एकाई."

ती खुर्ची ओढून बसली. माठातलं पाणी प्यायली. मला वाटत होतं तिनं ओरडावं, काहीतरी फेकून मारावं. ती म्हणाली, "कलिंगड काप ना वो. ऊन लय हाये." देशकर सरांनी त्या संगणकाची डिस्क नेऊन नागपुरातल्या जाणकारांना दाखवली. काही मिळालं नाही. काही म्हणजे, अर्धवट नावं मिळाली. 'मडावी', 'शांता', 'बाई'... कुठल्या गावची, कोणत्या रंगाची, काही नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून तिनं परत सुरुवात केली. पहिल्या गावापासून. या वेळी लांब वह्यांत, पेननं. मी म्हटलं, नव्या संगणकावर रोजच्या रोज भरू. ती म्हणाली, "भरू ना. पण आधी वहीत." माझ्यावर अविश्वास दाखवायचा म्हणून नाही, सहजच म्हणाली. मला ते आजही सहज वाटत नाही. वैशाखाच्या उन्हात ती फाट्यावरून चालत जायची. सिकलसेलच्या माणसानं भरपूर पाणी प्यावं, उन्हात फिरू नये, दमू नये, हे गावागावांत सांगणारी ती, पिशवीत एक बाटली घेऊन निघायची आणि ती दुपारपर्यंत संपायची. लोक वैतागायचे. मागं तर लिहून नेलतं बाई, परत काऊन? ती म्हणायची, लिहिलेलं हरवलं. कुणी हरवलं ते तिनं कुठंच सांगितलं नाही. दर महिन्या-दीड महिन्याला अंग दुखून ती चार-सहा दिवस पडायची आणि उठून पुढच्या गावाला जायची. मी रविवारी सोबत जायचे. फक्त रविवारी.

त्याच दिवसांत एक बाई कचेरीत आली होती. मुलाचं लग्न जमलं होतं, तारीख धरली होती, मुलीचं कार्ड कोणतं होतं ते पाहून सांग म्हणून. मुलाचं पिवळं होतं. मुलीचं गाव वनमालानं पूर्वी पुरं लिहिलेलं होतं, पण आता तिच्याकडं काहीच नव्हतं. ती त्या बाईला पुन्हा पुन्हा म्हणाली, थांबा, पोरीचं रक्त तपासा, मी सोबत येते. बाई हो म्हणून गेली. लग्न ठरल्या तारखेला झालं. हिवाळ्यात वनमाला वह्या घेऊन त्या गावात पोहोचली तेव्हा ती मुलगी पोटुशी होती आणि तिचं रक्त पिवळं निघालं. हे मला सांगताना वनमाला रडली नाही. आपलं जेवणाचं ताट उचलून मोरीत ठेवून आली आणि म्हणाली, "मी जिती असून हे झालं वो." पोटातल्या बाळाला आजार आहे का हे तपासायला ती स्वतः त्या मुलीसोबत गेली. उशीर झाला होता. ते लेकरू आता जन्मलं आहे. त्याच्या रक्ताचा अहवाल यायचा होता. आला का, हे मी विचारायला धजले नाही.

आमची शेवटची भेट तिच्या खोलीवर झाली. माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून ती भाड्यानं राहायची. दुपार होती. गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी ठेवून ती भिंतीला टेकून बसली होती, डोळे पिवळट दिसत होते, हाताच्या शिरा वर आलेल्या. उरलेल्या गावांचा क्रम लावत होती, कोणत्या बसनं कोणती दोन गावं एका दिवसात होतील. मी तिला म्हटलं, आता पुरे, दुसऱ्या कुणाला तरी पाठवू. ती म्हणाली, "दुसऱ्याले लोक खरं नाई सांगत." मग मला राहवलं नाही. यादी गेल्यापासून एक वर्ष मी ते गिळून बसले होते. मी म्हटलं, "वने, त्या दिवशी पडद्यावर लिहून होतं. माहिती जाऊ शकते म्हणून. तू विचारलं तं मी सांगितलं नाई." मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे. ती नेहमी जाऊ दे म्हणायची. वसतिगृहापासून माझं सगळंच तिनं जाऊ दिलं होतं. ती माझ्याकडं बघत राहिली. पिशवी गुडघ्यावरून सरकली ती तिनं सावरली नाही.

"मंग सांगाचं होतं ना वो," ती म्हणाली. "थांबलो असतो आपण."

रागानं नाही. तेच तर. एखाद्या हिशोबातली चूक सापडावी तशा आवाजात. दोन महिने थांबायचं होतं फक्त, दिवाळीपर्यंत. खाली कुल्फीवाला घंटा वाजवत गेला. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "बरं, दोनशे फॉर्म काढून ठेवजो. फॉर्मवर विचारलं की लोकाइले बरं वाटते, सरकारी वाटते." मी हो म्हटलं आणि निघाले. उठताना तिचा हात धरावा असं वाटलं होतं. धरला नाही. म्हटलं, फॉर्म घेऊन येईन तेव्हा बोलू सावकाश...

तिच्या गावी तिला माती दिली. उन्हाचा ताव होता, माणसं खूप आली होती, ओळखीचे वाटणारे कितीतरी चेहरे, आणि प्रत्येकाचं नाव, वय, कार्डाचा रंग तिनं एकदा नव्हे दोनदा लिहिलेला. काहींचा फक्त एकदाच. तिच्या आईनं माझे दोन्ही हात धरून गोंडीत काहीतरी सांगितलं. बराच वेळ सांगत होती. सुधाकरदादा शेजारीच उभा होता, मी विचारलं असतं तर त्यानं अर्थ सांगितला असता. मी विचारलं नाही. मला भीती वाटली की ती माझे आभार मानत असेल.

लोक म्हणतात, तिचा आजारच तसा होता. डॉक्टरही म्हणाले, या वयापर्यंत आली हेच पुष्कळ. असेल. मी क्लासमध्ये मुलांना शिकवते तेव्हा अजूनही कुणीतरी न वाचता हो दाबतं आणि विचारतं, मॅडम, पुढं काय? मी त्यांना ओरडत नाही. परत मागं जाऊन पडद्यावर काय लिहून होतं ते मोठ्यानं वाचायला लावते. संस्थेनं तिच्या जागी अजून कुणाला नेमलेलं नाही. नेमतील की नाही, माहीत नाही. वह्यांमधलं सगळं मी नव्या संगणकावर भरलं, तीन ठिकाणी प्रती ठेवल्या, प्रत्येक प्रत उघडून पाहिली. आता त्यात चूक नाही. आता त्याचा काय उपयोग, तेवढं मला कळत नाही.

तेरवी झाल्यावर सुधाकरदादानं तिच्या चार वह्या आणि तिचा बटणांचा साधा मोबाईल माझ्याकडं आणून दिला. "लोकाइचे फोन येते ताई, दिवसभर येते. मले काई सांगता येत नाई." मोबाईलच्या मागं तिनं चिकटपट्टीनं एक कागद लावला आहे, त्यावर एसटीच्या वेळा आहेत. मी तो क्लासच्या टेबलावर ठेवते, चार्ज करते. कुणी गोळ्यांचं विचारतं, कुणी शिबिराचं. बाई गेली म्हणून सांगितलं की काही जण फोन ठेवून देतात आणि दोन दिवसांनी परत करतात, मी चुकीचं सांगितलं असेल अशा आशेनं.

काल सकाळी एका बाईचा आला. "वनमालाबाई हाय का?" मी म्हटलं, मी त्यांची मैत्रीण बोलते, बाई आता नाहीत, काय काम होतं? ती घाईनं सांगू लागली. मुलीचं जमून राह्यलंय, पाहुणे उद्या येणार आहेत, पोरगा पिवळा आहे असं म्हणतात, आमच्या पोरीचं कार्ड सापडून नाई राह्यलं. "पर बाईनं लिहून नेलतं सारं. आमच्या आंगणात बसून लिहिलं, मीच पाणी देल्लं तिले. तुमच्यापाशी असंन ना ते? तेवढं पाहून सांगा."

मी गावाचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. बसच्या रस्त्यावर वनमालाच्या शेवटच्या नोंदीनंतर दोन फाटे पुढचं गाव. मला ते ऐकताक्षणीच कळलं. तरी मी चौथी वही उघडली. तिचं शेवटचं लिहिलेलं पान उलटलं. त्यापुढं रकाने आखून ठेवलेले होते, पट्टीनं, वहीच्या शेवटापर्यंत.

"पाहून राह्यल्या ना बाई?" पलीकडून आवाज आला.

"हो," मी म्हटलं. "पाहते."

आणि मी ती कोरी पानं एकेक करून उलटत राहिले. कागदाचा आवाज तिला ऐकू जात असावा. ती फोन धरून थांबून होती.